निजलेल्या संगणकाला उठवायचे कोणी?

वाकडमधल्या एका शाळेतील संगणकाच्या बाई गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे आल्या, त्या अगदी हताश होऊन. नववीच्या मुलांनी जूनपासून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजला होता. चार महिन्यांच्या नोंदी मुले संगणकावर चढवत होती, आलेख काढत होती. मधली सुट्टी झाली. वीज वाचावी म्हणून सुट्टीत सर्व संगणक 'स्लीप'वर ठेवायचे, असा शाळेचा नियम. सुट्टी संपल्यावर मुलांनी कीबोर्डच्या कळा दाबल्या, तर पडदे काळेच. दोनदा दाबल्या, दहादा दाबल्या, काही उपयोग नाही. समोरच्या बटणांवर मुलांनी हात लावू नये म्हणून पुठ्ठे चिकटवलेले होते. शेवटी बाईंनी भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला. संगणक सुरू झाले; आलेख मात्र गेले ते गेलेच.

असे तिसऱ्यांदा घडले होते. दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड बदलायला सांगितले, म्हणून चार नवे कीबोर्ड आणले. तेही तसेच. आता बाराही संगणक भंगारात द्यावेत असा विचार चालला होता. बाईंचा प्रश्न सरळ होता : "सर, कीबोर्ड नवे आहेत, संगणक एरवी चालतात. मग बिघडले आहे तरी काय?"

बिघडले काहीच नव्हते, हेच या प्रकरणातले गमतीचे आणि शिकण्यासारखे आहे. प्रत्येक भाग आपापल्या नियमानुसार अगदी बरोबर वागत होता. पण ते नियम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी आणि कधी कधी एकमेकांच्या विरुद्ध हेतूंनी केलेले होते. वाकडच्या त्या खोलीतील कीबोर्ड मुका का झाला हे समजून घ्यायचे तर १९९५-९६ सालापर्यंत मागे जावे लागते, आणि थोडेसे बडोद्यालाही.

आधी संगणकाची झोप म्हणजे काय ते पाहू. आपण संगणक स्लीपवर ठेवतो तेव्हा प्रोसेसर, तबकडी, पंखे, पडदा सारे बंद होते. जागी राहते ती फक्त तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम. रॅममधला प्रत्येक बिट हा एका अतिसूक्ष्म संधारित्रावरचा विद्युतभार असतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक संधारित्र एवढ्यात एक बिट साठवण्याची ही कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. कल्पना स्वस्त आणि सुटसुटीत, पण संधारित्र गळका. गळक्या माठात सतत पाणी ओतत राहावे तसा हा भार पुन्हा पुन्हा भरावा लागतो. सर्वसाधारणपणे प्रत्येक कप्प्याला ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी. म्हणून झोपलेल्या संगणकालाही थोडी वीज लागतेच. शाळेतल्या एका संगणकाला आम्ही वॉटमापक लावून पाहिला. जागेपणी, नुसता बसलेला असताना तो ४५ वॉट घेत होता आणि झोपेत ३ वॉट. बारा संगणक दिवसातून दोन तास झोपले तर रोज एक युनिटभर वीज वाचते. शाळेचा नियम चुकीचा मुळीच नव्हता. मात्र भिंतीवरचा स्विच बंद केला की माठात पाणी ओतणारा हातच थांबतो, आणि क्षणार्धात सारी स्मृती पुसली जाते. मुलांचे आलेख गेले ते असे.

आता उठवण्याकडे वळू. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा झोपेचा प्रश्नच नव्हता. उजव्या बाजूला, मागच्या टोकाशी मोठा खटका असे. तो खाली केला की संगणक बंद, वर केला की चालू. कीबोर्डला स्वतःची जाड तार आणि गोल पिनांची जोडणी होती. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ मालिकेबरोबर ती जोडणी लहान केली. जुन्या संगणकांच्या मागे जांभळी आणि हिरवी अशी दोन गोल भोके वाचकांनी पाहिली असतील. जांभळे कीबोर्डचे, हिरवे माउसचे.

या जुन्या कीबोर्डचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कळ दाबली की तो स्वतः होऊन बोलत असे. संकेत पाठवण्यासाठी लागणारे घड्याळाचे ठोकेसुद्धा तोच देई. संगणकाने हातातले काम बाजूला ठेवून त्याचे ऐकावे, अशी व्यवस्था होती. वर्गातला एखादा मुलगा न विचारता "बाई, बाई" करून उभा राहतो, तसे. गैरसोय एवढीच की अशा प्रत्येक बोलक्या उपकरणासाठी संगणकात वेगळी तार, वेगळे भोक आणि लक्ष देण्याची वेगळी वाट राखून ठेवावी लागे. आणि अशा वाटा मोजक्याच होत्या. १९९० च्या सुमारास घरी प्रिंटर किंवा स्कॅनर जोडायचा म्हणजे पेटी उघडा, कार्ड बसवा, बारीक खटके इकडचे तिकडे करा, आणि एवढे करून माउस बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

ही धडपड घरच्या माणसांना करताना पाहून अस्वस्थ झालेला एक अभियंता इंटेल कंपनीत होता. त्यांचे नाव अजय भट्ट. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकले आणि १९९० साली इंटेलमध्ये गेले. बडोद्याशी मराठी माणसाचे नाते सांगायला नको. गायकवाडांच्या त्या गावात आजही मराठी बोलणारी हजारो घरे आहेत, आणि १९४९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ तर सयाजीराव महाराजांच्याच नावाने चालते. आपल्या खिशातल्या पेनड्राइव्हपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत ज्या जोडणीवाचून हल्ली पान हलत नाही, तिच्या जनकांपैकी एक या विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. ('जनकांपैकी एक' हे शब्द मुद्दाम वापरले. हे काम बाला कदंबी, जेफ मॉरिस अशा अनेकांचे आहे. २०१३ साली युरोपीय पेटंट कार्यालयाचा पुरस्कार मिळाला तोही भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळून.)

कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. सुरुवात डौलदार नव्हती. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना यूएसबीने स्कॅनर जोडला आणि भरसभेत मोठ्या पडद्यावर निळा 'मृत्यूचा पडदा' झळकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने आयमॅक आणला. त्यात जुन्या जोडण्या काढून टाकून यूएसबीच ठेवली होती, आणि मग उपकरणे बनवणाऱ्यांना पर्याय उरला नाही.

यूएसबीने एका शिस्तीच्या बळावर सारा गोंधळ मिटवला. ती शिस्त अशी : विचारल्याशिवाय कोणीही बोलायचे नाही. बोलण्याचा पहिला अधिकार फक्त संगणकाचा. एका तारजाळ्यावर १२७ पर्यंत उपकरणे असू शकतात. संगणक त्यांना क्रमांक देतो आणि हजेरी घेतल्यासारखा एकेकाला विचारत जातो. "कीबोर्ड, काही आहे?" "नाही." "माउस, काही आहे?" "हो, दोन घरे उजवीकडे सरकलो." कीबोर्डला हे दर काही मिलिसेकंदांनी विचारले जाते, म्हणून आपल्याला विलंब जाणवत नाही. कळ दाबली तरी कीबोर्ड ती बातमी पोटात धरून बसतो आणि आपली पाळी आल्यावर सांगतो. नियमावलीत या देवाणघेवाणीला 'इंटरप्ट ट्रान्सफर', म्हणजे मध्येच टोकणारी, असे नाव आहे. आमच्या मते नाव साफ चुकले आहे. यात टोकणे कुठेच नाही, आहे ती निव्वळ विचारपूस.

आता अडचण वाचकांच्या ध्यानात आली असेल. विचारणाराच झोपला तर? बोलायची परवानगी देणारे मास्तरच निजले, तर मुलाने त्यांना उठवायचे कसे?

नियमावली लिहिणाऱ्यांना हा पेच दिसला होता आणि त्यांनी एक अपवाद करून ठेवला. त्याला 'रिमोट वेक-अप', म्हणजे दुरून उठवणे, म्हणतात. तारेवर ३ मिलिसेकंद काहीही हालचाल झाली नाही की उपकरणाने समजायचे, संगणक झोपतो आहे, आपणही झोपावे. झोपेत उपकरणाने किती वीज घ्यायची याला मूळ नियमावलीत कडक मर्यादा होती : कीबोर्डसारख्या लहान उपकरणाने फक्त ५०० मायक्रोअँपिअर, म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. साधा एलईडी दिवा नीट दिसायला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. त्यातही एक गंमत आहे, ती अकरावी-बारावीच्या मुलांना गणितासाठी देता येईल. "मी येथे आहे" हे संगणकाला कळावे म्हणून कीबोर्ड १.५ किलोओहमच्या रोधातून दोनपैकी एक तार ३.३ व्होल्टवर ओढून धरतो. संगणकाच्या बाजूला त्याच तारेवरून जमिनीकडे १५ किलोओहमचा रोध असतो. ओहमचा नियम लावला की ३.३ भागिले १६,५००, म्हणजे सुमारे २०० मायक्रोअँपिअर प्रवाह नुसता हजेरी दाखवण्यातच जातो! उरलेल्या ३०० मध्ये शंभरावर कळांवर पहारा ठेवायचा. म्हणून कीबोर्डमधली चिपही डुलकी घेते आणि कोणतीही कळ दाबली की दचकून उठेल एवढीच जाग ठेवते. (पुढे ही मर्यादा २.५ मिलिअँपिअरपर्यंत सैल करण्यात आली.)

मग कळ दाबली की काय होते? शांततेच्या वेळी कीबोर्डच्या दोन संदेशतारांपैकी एक वरच्या दाबावर असते आणि दुसरी शून्याजवळ. कीबोर्ड ही स्थिती उलटी करतो आणि कमीत कमी १ व जास्तीत जास्त १५ मिलिसेकंद तशीच धरून ठेवतो. शब्द नाही, पत्ता नाही, नुसता एक धक्का. संगणकाच्या बाजूला जाग्या असलेल्या मंडलाने तो ओळखायचा, स्वतः निदान २० मिलिसेकंद तोच इशारा पुढे चालू ठेवायचा, आणि मग सगळ्यांनी उठायचे.

पण हा अपवाद सर्रास दिला तर माउसवर माशी बसली तरी संगणक उठेल. म्हणून त्याला दोन कुलपे लावली. उपकरणाने ओळख करून देताना आपल्या माहितीपत्रकात एका बिटाने सांगायचे की मला उठवता येते. आणि झोपण्यापूर्वी संगणकाने त्याला स्पष्ट सांगायचे की आज तू उठवलेस तर चालेल. हे दुसरे सांगणे राहून गेले, तर कीबोर्ड सशक्त असूनही गप्प बसतो. त्याला तसे शिकवलेलेच आहे.

येथपर्यंत यूएसबीची बाजू झाली. पण धक्का ओळखणारे मंडल जागे ठेवायला वीज हवी, आणि ती यूएसबीवाल्यांच्या हातात नव्हती. ती होती संगणकाच्या वीजपेटीत. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. तिच्यात खटक्याची जागा हलक्या बटणाने घेतली आणि संगणक 'बंद' असतानाही जिवंत राहणारी एक ५ व्होल्टची तार आली. पेटी उघडलीत तर तिचा जांभळा रंग ओळखता येईल. संगणकाच्या मदरबोर्डवरचे जे जे भाग या जांभळ्या तारेवर आहेत तेच झोपेत जागे, बाकीचे गाढ.

कोणी कधी झोपायचे आणि कोणाच्या हाकेने उठायचे, हे ठरवणारा तिसरा पक्ष वेगळाच. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी वीज वाचवण्याची एक पद्धत काढली होती. तीत सारा कारभार बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवर कोरलेल्या मूळ आज्ञावलीकडे होता. बिचाऱ्या बायोसला पडद्यावर काय चालले आहे याची कल्पना नसे, आणि तो भलत्या वेळी संगणक झोपवून टाकी. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' ही नवी नियमावली आणली. तिने कारभार विंडोजसारख्या कार्यप्रणालीकडे सोपवला. झोपेला पायऱ्या दिल्या. आपण जिला स्लीप म्हणतो ती बहुधा 'एस-३' : रॅम जागी, बाकी गाढ. 'एस-४' म्हणजे हायबरनेट : रॅममधले सारे तबकडीवर उतरवून ठेवायचे आणि मग वीज तोडली तरी चालते. 'एस-५' म्हणजे बंद. मदरबोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये तक्ते लिहून ठेवायचे की कोणते भोक कोणत्या पायरीवरून संगणकाला उठवू शकते, आणि कार्यप्रणालीने ते वाचून वागायचे.

एटीएक्स, यूएसबी आणि एसीपीआय, तिन्ही दीड-दोन वर्षांच्या आतबाहेरची. तिन्हींत इंटेल होती, तरीही तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर लिहिली गेली. यूएसबीने गृहीत धरले की झोपेतही भोकात ५ व्होल्ट असतील. एटीएक्सने जांभळी तार दिली, पण ती कुठे जोडायची हे मदरबोर्डवाल्यावर सोडले. एसीपीआयने गृहीत धरले की तक्ते खरे असतील. आम्हाला वाटते, या तिघांच्या सांध्यांतच पुढच्या पाव शतकाच्या तक्रारी जन्मल्या. २००० च्या आसपासच्या मदरबोर्डांवर तर यूएसबीजवळ तीन पिनांची एक टोपी असे. ती एका बाजूला लावली की भोकांना नेहमीचे ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला लावली की जांभळ्या तारेचे. काही पुस्तिकांत इशारा असे की दुसरी बाजू वापरायची तर वीजपेटीने प्रत्येक भोकामागे ५०० मिलिअँपिअर देऊ शकले पाहिजे. झोपलेल्या कीबोर्डला हवा अर्धा मिलिअँपिअर, आणि तरतूद हजारपट! स्वस्त वीजपेटीला हे झेपणार नाही म्हणून कारखान्यातून येतानाच टोपी पहिल्या बाजूला लावलेली असायची. म्हणजे कीबोर्ड मुका.

यात भर पडली एका चांगल्या हेतूची. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ॲलन मायर यांनी दाखवून दिले की घरातील 'बंद' उपकरणेही चोवीस तास थोडी थोडी वीज पीत असतात, आणि सगळी मिळून ही गळती मोठी असते. त्यातून उपकरणाने बंद स्थितीत १ वॉटपेक्षा जास्त घेऊ नये ही चळवळ उभी राहिली. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तिचा पुरस्कार केला. २००८ साली युरोपीय संघाने कायदा केला : २०१० पासून बंद उपकरणाला १ वॉट आणि २०१३ पासून अर्धा वॉट. मदरबोर्ड जगभर तेच विकले जातात, म्हणून बायोसमध्ये 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' अशा नावांचे पर्याय आले. ते चालू केले की बंद व हायबरनेट अवस्थेत जांभळ्या तारेवरचे बहुतेक पाहुणे उठवून लावले जातात, आणि यूएसबीची भोके त्यांत पहिली. त्यांच्याच शेजारी, स्लीपमधून यूएसबीने उठवू द्यायचे की नाही याचाही पर्याय काही कंपन्या देतात, आणि तो कित्येकदा 'नाही' असतो. वीज वाचवणाऱ्यांचे काहीच चुकले नाही, पण कीबोर्डला जागे ठेवणारे आणि वीज वाचवणारे एकाच तारेवर हात ठेवून उभे आहेत एवढे खरे.

एवढी उजळणी करून आम्ही एका शनिवारी शाळेत गेलो. आम्ही पदार्थविज्ञानाचे; संगणक दुरुस्ती हा काही आमचा धंदा नाही. बरोबर नेले ते यूएसबीच्या भोकात खोचायचे बोटभर लांबीचे व्होल्टमापक. दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि कोणत्याही शाळेने घ्यावे असे आहे. पुष्कळ जण झोपलेल्या संगणकाच्या माउसचा तांबडा दिवा पाहतात आणि तो विझला म्हणजे वीज नाही असे ठरवतात. ते बरोबर नाही. वर सांगितलेल्या मर्यादेत वागणारा माउस झोपेत आपला दिवा विझवतो, वीज असली तरी.

बाराही संगणक झोपवले. नऊ संगणकांच्या भोकांत शून्य व्होल्ट; उरलेल्या तीनमध्ये ५. पहिल्याच मोजणीत खटला निम्म्याहून अधिक सुटला होता. हे संगणक हिंजवडीकडच्या एका कार्यालयाने काही वर्षे वापरून शाळेला दिलेले होते. तेथे शेकडो संगणक रात्रभर पडून राहायचे, म्हणून वीज वाचवण्यासाठी बायोसमधील हे पर्याय कोणीतरी जाणूनबुजून तसे ठेवले असणार. त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचेच. संगणकांबरोबर ती सवयही वाकडला आली. नऊ बायोसमध्ये जाऊन स्लीपमधून यूएसबीने उठण्याचा पर्याय चालू केला. मुलांना ते करू द्यायला बाई आधी कचरत होत्या, पण तिसऱ्या संगणकानंतर मुले आमच्यापेक्षा जलद करू लागली.

वीज असूनही न उठणाऱ्या तिघांपैकी दोघांत ते दुसरे कुलूप लागलेले होते. विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कीबोर्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर, या उपकरणाला संगणक उठवू द्यावा अशा अर्थाची चौकट असते. तीत बरोबरची खूण नव्हती. (लिनक्समध्ये हीच गोष्ट एका लहानशा फाइलमध्ये 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' एवढ्या एका शब्दाने लिहिलेली असते. विद्यार्थ्यांना दाखवायला ती जागा जास्त चांगली. नियम शब्दात वाचता येतो.) तिसऱ्याचा कीबोर्ड एका स्वस्त हबमधून जोडलेला होता. धक्का हबपर्यंत जात असावा, पुढे जात नव्हता. कीबोर्ड सरळ मागच्या भोकात लावला, काम झाले.

दुपारी एक नवीनच प्रकार पुढे आला. दोन संगणक कळ दाबताच उठले, पण पासवर्ड मागण्याच्या पानावर कीबोर्ड ढिम्म. हा वेगळा आजार आहे आणि पहिल्याशी त्याची गल्लत करू नये. झोपेत किंवा उठण्याच्या धांदलीत भोकातील वीज क्षणभर जरी तुटली, तरी कीबोर्ड आपला हजेरीक्रमांक विसरतो. संगणक मात्र जुन्याच क्रमांकाने हाक मारत राहतो. काढून पुन्हा लावला की ओळखपरेड नव्याने होते आणि कीबोर्ड बोलू लागतो. कार्यप्रणालीने ही ओळखपरेड स्वतः करायला हवी. बहुतेक वेळा करतेही. या दोघांत बायोसची नवी आवृत्ती चढवल्यावर एक सुधारला.

जेवणानंतर बाईंनी आणखी एक शंका काढली : सकाळी झोपवलेले संगणक दुपारच्या सत्रात उठत नाहीत, ते का? तीन तास झोपून राहिल्यावर ते आपण होऊन हायबरनेटमध्ये जात होते, आणि तेथे ईआरपीचा पर्याय यूएसबीची वीज तोडत होता. तो पर्याय आम्ही तसाच राहू दिला. हायबरनेटमध्ये काम तबकडीवर सुरक्षित असते, रात्रभर वीजही वाचते. उठवण्यासाठी फक्त समोरचे बटण एकदा हलकेच दाबायचे. चार सेकंद धरून ठेवले तर मात्र संगणक सक्तीने बंद होतो, हाही एसीपीआयचाच नियम. मुलांना हा फरक समजावून सांगितला आणि बटणांवरचे पुठ्ठे काढून टाकले.

भंगाराचा विषय अर्थातच मागे पडला. नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांत एस-३ झोपच नसते. २०१२ नंतर हळूहळू तिची जागा मोबाइलसारख्या अर्धवट डुलकीने घेतली, आणि तिच्या तक्रारी निराळ्या आहेत. शाळेला नवे संगणक मिळतील तेव्हा त्या पाहू.

पावसाच्या नोंदी मुलांच्या वह्यांत होत्या, म्हणून आलेख दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तयार झाले. खिडकीजवळचा तो एक संगणक अजूनही उठला की कीबोर्डला ओळखत नाही. त्याच्या मागे जांभळे गोल भोक आहे असे एका मुलीच्या ध्यानात आले, आणि शाळेच्या अडगळीत १९९० च्या दशकातला एक जुना, पिवळा पडलेला कीबोर्डही सापडला आहे. तो जोडून पाहायचे सोमवारी ठरले आहे.